उडी चुकली, निकाल लागला

नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग साकोली मागे टाकून गोंदिया जिल्ह्याच्या हद्दीत शिरला, की थोड्याच अंतरावर कोहमाऱ्याचा चौक लागतो. येथून एक वाट उत्तरेस गोरेगावावरून गोंदियाला, दुसरी दक्षिणेस नवेगावबांधाकडे आणि महामार्ग स्वतः पूर्वेस देवरीकडे निघून जातो. त्यामुळे धानाचे पोते असो, झाडीपट्टीच्या नाटकमंडळीचे सामान असो की नागपूरच्या सीताबर्डी बाजारात घासाघीस करून घेतलेली एखादी विजेची वस्तू असो, तिला आसपासच्या खेड्यांत जायचे असल्यास बहुधा या चौकात एक वेळ उतरावेच लागते. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात आणि या शतकाच्या आरंभी याच रीतीने एक खेळणे आमच्या मुलुखात दाखल झाले, ज्याला मुले नुसते ‘व्हिडिओ गेम’ म्हणत आणि वडीलधारी मंडळी ‘टीव्हीची नळी उडवणारा डबा’ म्हणत.

डबा वजनाला हलका असे. त्याच्या पाठीत पिवळी कॅसेट खोचावयाची, दोन रिमोटांच्या वायरी लावावयाच्या, टीव्हीचा चॅनल फिरवीत चित्र पकडावयाचे, आणि चित्र उमटलेच नाही तर कॅसेट काढून तिच्या दातांवर जोराची फुंकर घालावयाची, हा विधी ज्या घरात झाला नाही असे त्या काळचे व्हिडिओ गेमचे घर सापडणे कठीण. (फुंकरीचा गुण एवढाच की तिच्या निमित्ताने कॅसेट निघून पुन्हा नीट बसे; तोंडच्या ओलाव्याने त्या धातूच्या पट्ट्यांचे नुकसानच होई.) जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचे जे यंत्र काढले, त्याच्या तैवान आणि चीनमध्ये बनलेल्या या नकला, आपल्याकडे त्या ‘मीडिया’, ‘समुराई’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी विकल्या गेल्या, आणि पुढे मुंबईच्या मिताशीनेही तशाच जातीचे खेळ घरोघर पोहोचविले. कॅसेटीवर ‘९९९ इन १’ अशी राजेशाही बढाई छापलेली असे. प्रत्यक्षात मूळ खेळ बोटांवर मोजण्याइतके, आणि बाकीचे त्यांचेच वेगवेगळ्या टप्प्यांपासून सुरू होणारे अवतार.

ज्यांनी हा डबा कधी हाताळला नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा अवश्य आहे. प्लॅटफॉर्म गेम म्हणून जो प्रकार ओळखला जातो, त्यात पडद्यावरचे जग आपणांस केवळ बाजूने दिसते. त्याला लांबी आणि उंची असते, खोली नसते. एका चिमुकल्या इसमाला बहुधा डावीकडून उजवीकडे न्यावयाचे असते, आणि त्याच्या वाटेत खड्डे, हलत्या फळ्या, काटे, आगीचे गोळे आणि सरपटणारे शत्रू मांडून ठेवलेले असतात. खेळणाऱ्याच्या हाती दिशा दाखविणारी एक फुली आणि दोन बटणे. त्यांतील एक उडीचे. ती उडी केव्हा घ्यावी, बटण किती वेळ दाबून ठेवावे आणि हवेत असताना विचार बदलावा की नाही, यांतच सारे कौशल्य साठविलेले. शिगेरू मियामोतो या जपानी रचनाकाराने १९८१ साली ‘डाँकी काँग’ या खेळात गडगडत येणाऱ्या पिंपांवरून उड्या मारणारा एक सुतार निर्माण केला; तोच पुढे नळकाम करणारा मारिओ झाला, आणि सप्टेंबर १९८५ मध्ये आलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मुळे अर्ध्या जगाच्या परिचयाचा झाला. मारिओची उडी बटण जितके दाबावे तितकी उंच जाई आणि अधांतरी असतानाही तिची दिशा थोडी वळविता येई. पदार्थविज्ञानाच्या कोणत्याही नियमात ही गोष्ट बसत नाही. परंतु हाताला ती इतकी स्वाभाविक वाटली, की त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक रचनाकाराने हाच अनियम आपला नियम म्हणून स्वीकारला.

हे खेळ कठीण का होते, या प्रश्नाचे उत्तर प्रथम पैशात शोधावे लागते. ‘डाँकी काँग’ ज्या दुकानी पेट्यांत चाले त्यांत नाणे टाकल्यावाचून खेळ सुरू होत नसे, आणि खेळणारा मेला की दुसरे नाणे पडे. अर्थात खेळणारा लवकर मरावा यात मालकाचे उघड हित होते. मात्र तो इतक्याही लवकर मरू नये की वैतागून निघून जाईल, एवढे भान रचनाकाराला ठेवावे लागे. घरगुती यंत्रात नाण्याची फट नव्हती, तरी दुसरी अडचण उभी राहिली. संपूर्ण ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये मावला होता, म्हणजे आज आपण सकाळी ज्या ‘शुभ प्रभात’च्या चित्रांची देवाणघेवाण करतो त्यांतील एखाद्या चित्राहूनही त्याचा आकार लहान, आणि यंत्राची कामचलाऊ स्मृती तर केवळ २ किलोबाइट. त्या ४० किलोबाइटमध्ये आठ जगे, प्रत्येक जगाचे चार भाग, असे एकूण ३२ टप्पे बसविले, हा काटकसरीचा चमत्कारच म्हणावयाचा. तथापि वाट माहीत असलेला मनुष्य एवढा प्रवास एका दुपारीच आटोपील, आणि मग इतकी किंमत मोजून घेतलेल्या कॅसेटीचे करावयाचे काय? म्हणून काठिण्य वाढवून खेळ लांबविण्यात आला. अपयश हे अशा रीतीने स्वस्तात मिळणारे जिन्नस ठरले.

कधीकधी त्याची मात्रा मर्यादेपलीकडे गेली. १९८६ साली जपानात मारिओचा जो दुसरा भाग निघाला त्यात विषारी छत्र्या, उडी भलतीकडे वाहून नेणारा वारा आणि पुढच्याऐवजी मागच्या जगात नेऊन टाकणारे चोरदरवाजे होते. निन्टेंडोच्या अमेरिकी शाखेने तो पाहिला आणि आमच्या गिऱ्हाइकांना हा सोसणार नाही असे ठरवून त्याच्या जागी एक निराळाच खेळ मारिओच्या नावाने १९८८ साली विकला. मूळ भाग अमेरिकेस १९९३ मध्ये मिळाला. कॅपकॉम कंपनीच्या ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’ (१९८५) या खेळाबद्दल तर मला आजही ममत्व वाटत नाही. त्यातील चिलखतधारी सरदार एका फटक्यात चिलखत गमावून चड्डीवर येतो, दुसऱ्या फटक्यात हाडांचा सापळा होतो. एकदा उडी घेतली की ती हवेत वळविण्याची सवलत त्याला नाही. आणि इतके सोसून जो शेवटाला पोहोचेल त्यास सांगण्यात येते, की हा सर्व सैतानाने रचलेला भ्रम होता, आता पुन्हा पहिल्यापासून या. पुष्कळ जाणकार या विनोदाचे कौतुक करतात. मला तो विनोद वाटत नाही. खेळ संपल्यावर त्याची अट बदलणे याला साध्या मराठीत दगाबाजी म्हणतात.

आता आमच्या भागात आलेल्या नकली डब्यांविषयी एक गमतीची गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिका आणि जपान येथील टीव्हीवर चित्र सेकंदाला साठ वेळा रेखाटले जाई, आणि त्या यंत्रांतील काळाची गणती या साठ ठोक्यांवरच चाले; आपल्याकडील टीव्ही पाल पद्धतीचा, म्हणजे सेकंदाला पन्नास ठोक्यांचा. त्या पद्धतीसाठी बनविलेल्या पुष्कळ नकली यंत्रांवर तोच खेळ सुमारे एकषष्ठांशाने संथ चाले. म्हणजे क्योतोमधील मुलाला ज्या खड्ड्यावरून जीव मुठीत धरून उडावे लागे, त्याच खड्ड्याशी गोंदियातील मुलाला निमिषभर अधिक विचार करण्याची मुभा होती, आणि तिची त्याला गंधवार्ताही नव्हती. शिवाय नक्कल करणाऱ्या अज्ञात कारागिरांनी काही कॅसेटींत पुढच्या टप्प्यांपासून खेळ सुरू करण्याची सोय करून ठेवली होती, आणि ‘कॉन्ट्रा’ नावाच्या खेळाच्या काही नकली आवृत्त्यांत खेळणाऱ्यास आरंभीच तीस जीव बहाल केलेले असत. अस्सल ‘कॉन्ट्रा’त ते तीस जीव मिळविण्यासाठी बटणांचा एक गुप्त क्रम दाबावा लागे. तो क्रम मुळात काझुहिसा हाशिमोतो या कोनामी कंपनीतील आज्ञावलीकाराने १९८६ साली ‘ग्रेडियस’ या खेळासाठी लिहिला होता, कारण आपणच घरगुती यंत्रावर आणलेला तो खेळ तपासून पाहताना त्याला स्वतःलाच झेपेना. खेळ रचणारा मनुष्य आपल्या काठिण्याला कंटाळून मागील दाराने सवलत ठेवतो, आणि नकलाकार ती सवलत पुढील दाराशी आणून मांडतो. बनावट मालाची दानत म्हणतात ती बहुधा हीच.

परंतु ज्या शत्रूसाठी कोणत्याही कॅसेटीत सवलत नव्हती तो म्हणजे भारनियमन. त्या कॅसेटींवर प्रगती जतन करण्याची तजवीज नव्हती. सातव्या जगापर्यंत हात पोहोचला असता वीज गेली, की सात जगे एकदम खालसा होत. आणि या शतकाच्या पहिल्या दशकात विदर्भाच्या ग्रामीण भागात वीज दिवसाचे कित्येक तास जात असे. ती नेमकी केव्हा जाणार याचे वेळापत्रक पाठ करून, तेवढ्या अवधीत मारिओच्या शेवटच्या राजवाड्यापर्यंत मजल मारण्याची जी घाई मुले करीत, तिचा अंदाज मियामोतो यांनी आपल्या आराखड्यात खचितच धरलेला नसेल.

डब्याच्या पाठोपाठ संगणक आला. २००१ साली एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि तालुक्यातालुक्यांतून संगणकाचे वर्ग निघाले. मराठी मुलांच्या एका संपूर्ण पिढीने टंकलेखनाच्या तासानंतर, गुरुजींची पाठ वळताच, जो खेळ उघडला त्याचे नाव ‘डेंजरस डेव्ह’. लाल टोपीचा डेव्ह, चषक उचलल्याखेरीज न उघडणारे दार, पेटलेल्या ज्वाळा आणि पाणी, आणि एकूण दहा टप्पे. जॉन रोमेरो याने तो १९८८ साली ॲपल टू या संगणकासाठी, एका नियतकालिकातील लेखाचा नमुना म्हणून, मारिओच्या प्रभावाखाली लिहिला. १९९० मध्ये तो साध्या संगणकावर आला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात रोमेरोचा सहकारी जॉन कारमॅक याने पडदा अडखळू न देता सरकविण्याची युक्ती शोधून काढली आणि टॉम हॉलच्या साथीने एका रात्रीत मारिओच्या तिसऱ्या भागातील पहिला टप्पा हुबेहूब संगणकावर उतरविला. मात्र मारिओच्या जागी त्यांनी डेव्हला उभे केले. सकाळी तो पाहून रोमेरो चकित झाला, आणि या मंडळींनी पुढे जी ‘इड सॉफ्टवेअर’ ही संस्था काढली तिने ‘डूम’सारखे खेळ दिले. आमच्या संगणकवर्गांतील मुलांना यांतले काही ठाऊक नव्हते. त्यांना एवढेच ठाऊक होते, की डेव्हच्या पायाचा अंगठा ज्वाळेला लागला तरी तो सबंध जळतो.

येथे मूळ प्रश्नाशी यावे. मनुष्य हे का सोसतो, आणि सोसून पुन्हा का मागतो? ज्याची उमेद महसुली दफ्तरातील फेरफार, अर्ज, अपिले आणि तारखा यांत खर्ची पडली अशा माझ्यासारख्याला या खेळांत सर्वप्रथम जाणवते ते त्यांच्या निवाड्याचे स्वरूप. उडी घेतली, काट्यावर पडलो, निकाल लागला. त्या निकालास मुदत लागत नाही, त्यात वशिला चालत नाही, आणि वरून हुकूम यावयाचा आहे ही सबब तेथे कोणी सांगत नाही. काल ज्या कसुरीसाठी मृत्यू आला त्याच कसुरीसाठी आजही तो येतो, त्यापेक्षा लहान कसुरीसाठी येत नाही, आणि हा दंडक पाटलाच्या मुलाला एक आणि गड्याच्या मुलाला एक असा नसतो. कोहमाऱ्याच्या चौकात गोंदियाच्या एसटीची वाट पाहत असता शेजारी बसलेला एक शाळकरी मुलगा फोनवर असलाच काहीसा खेळ खेळत होता आणि एकाच खड्ड्यात वारंवार पडत होता. सांत्वनाखातर मी म्हटले, गेममध्येच काही खोट असेल. त्याने मान वर न करता उत्तर दिले, “नाही जी आबाजी, गेम बरोबरच आहे. मीच लवकर उडलो.” फिर्यादी, आरोपी आणि न्यायाधीश यांचे इतके एकमत मी अन्यत्र फारसे पाहिलेले नाही.

‘मीच लवकर उडलो’ या वाक्यात जे ज्ञान आहे ते मिळविण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. डोळ्यांना काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत मनुष्याला सेकंदाचा पाचवा-चौथा भाग लागतो. खेळाचा एक ठोका सेकंदाच्या साठाव्या भागाचा. म्हणजे डोळ्यांनी पाहून उडी मारू असे म्हणणारा दहा-पंधरा ठोके उशिरा पोहोचतो, आणि तोवर तो मेलेला असतो. म्हणून काठिण्य असलेल्या प्रत्येक टप्प्यात खेळणाऱ्याला पाहण्याचे सोडून पूर्वज्ञानावर यावे लागते: येथे पक्षी येतो, येथे फळी खचते, येथे तीन पावले आणि मग लांब उडी. पहिल्या काही मृत्यूंत तो मार्ग डोक्याने पाठ होतो. पुढच्या कित्येक मृत्यूंत तो डोक्यातून उतरून बोटांत जातो. आणि मग अशी एक वेळ येते की मनुष्य भलत्याच कशाचा विचार करीत असता हात त्याला पार घेऊन जातात. तबल्यावरचा कायदा किंवा हार्मोनियमवरची तान बसविताना ज्यांनी ही अवस्था अनुभवली असेल त्यांना अधिक सांगणे नको.

येस्पर यूल या डॅनिश अभ्यासकाने २०१३ साली ‘द आर्ट ऑफ फेल्युअर’ या पुस्तकात हा विरोधाभास मांडला आहे: आपण सामान्यतः अपयश टाळतो, खेळात अपयश येते हे आपणांस ठाऊक असते, तरीही आपण खेळ शोधीत जातो. त्याने याची तुलना शोकांतिकेशी केली आहे. आमच्या झाडीपट्टीत पौषाच्या कडाक्याच्या थंडीत तिकीट काढून, घोंगडी पांघरून, रात्रभर नाटकातल्या सासुरवाशिणीसाठी रडणारा प्रेक्षक ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही तुलना पटेल. परंतु भेद असा, की नाटकातील दुर्दैव परक्याचे असते आणि आपले डोळे पुसून आपण निर्दोष घरी जातो. येथे पडणारा जरी पडद्यावरचा बाहुला असला तरी पाडणारा हात आपला असतो. म्हणून नाटकातून करुणा उपजते आणि खेळातून संताप. आणि रिमोट भिंतीवर आपटण्याची ऊर्मी होते ती स्वतःवरील रागाला दुसरे ठिकाण न सापडल्यामुळे.

यंत्रे सुधारली, स्मृती अमाप झाली, खेळांना खोली आली, आणि जुन्या काठिण्याची कारणे एकेक करून नाहीशी झाली. नाणे टाकावे लागत नव्हते, किलोबाइट मोजावे लागत नव्हते. असे असता या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस काही तरुण रचनाकारांनी, एकेकट्याने किंवा दोघातिघांत मिळून, पुन्हा ठळक चौकोनी ठिपक्यांची चित्रे, पुन्हा बाजूने दिसणारे जग आणि पुन्हा ते काटे काढले. याला केवळ बालपणाची ओढ म्हणणे अपुरे आहे, जरी त्या ओढीचा व्यापार करणारे बाजारबुणगेही पुष्कळ झाले. माझ्या मते महत्त्वाचा बदल निराळा होता: खेळणाऱ्याच्या मरणात आता कोणाचाच नफा उरला नव्हता. हरणाऱ्याकडून फी घेणारा न्यायाधीश बडतर्फ झाला आणि काठिण्य प्रथमच निःस्वार्थी झाले.

आरंभी त्याने थोडा पोरकटपणा केला. २००७ मधील ‘आय वॉना बी द गाय’ या खेळात झाडावरची फळे खाली पडतात तशी वरही पडतात, आणि ती खेळणाऱ्याच्या अंगावर वर पडतील हे कळण्यास एकदा मरावेच लागते. दुसऱ्याला खेळताना पाहण्यास हा खेळ उत्तम. परंतु २०१० साली दोन गंभीर रचना आल्या. एडमंड मॅकमिलन आणि टॉमी रेफेन्स यांच्या ‘सुपर मीट बॉय’मध्ये करवतींच्या चक्रांमधून धावणारा एक मांसाचा तुकडा आहे, तो क्षणोक्षणी मरतो, पण मेल्यावर डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी पुन्हा आरंभरेषेवर उभा असतो, आणि टप्पे इतके लहान की गमावण्यासारखे थोडे सेकंदच असतात. टप्पा पार पडला की आपले सर्व फसलेले प्रयत्न एकाच वेळी पडद्यावर धावताना दाखविले जातात. लाल तुकड्यांची ती झुंड करवतीकरवतीला गळत जाते आणि शेवटी एकच पलीकडे पोहोचतो. काठिण्य आणि शिक्षा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या खेळाने जितके स्पष्ट केले तितके कोणत्याही प्रबंधाने केले नसते. ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’ची शिक्षा जबर होती; येथे काम अधिक कठीण आहे, पण शिक्षा जवळजवळ माफ आहे.

दुसरी रचना टेरी कॅव्हाना या आयरिश तरुणाची, ‘व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही’ अशा चमत्कारिक नावाची. तिच्यातील कप्तानाला उडीच मारता येत नाही. बटण दाबले की गुरुत्वाकर्षण उलटते आणि तो छताकडे पडू लागतो. त्यात एके ठिकाणी गुडघाभर उंचीची एक पायरी आहे आणि तिच्या पलीकडे एक चकाकता मणी. उडी मारता येणारे मूलही ती सहज ओलांडील. कप्तानाला मात्र ती ओलांडण्यासाठी वरच्या दिशेने, काट्यांनी भरलेल्या खोल्यांमागून खोल्यांत अधांतरी पडत जावे लागते, शेवटी गुरुत्व फिरवून तोच सर्व मार्ग उलट कापावा लागतो, आणि मग तो त्याच पायरीच्या दुसऱ्या बाजूस येऊन उतरतो. कॅनडातील तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स याने १९७८ साली प्रतिपादन केले होते, की सोपा मार्ग हेतुपुरस्सर वर्ज्य करून अवघड मार्ग राजीखुशीने पत्करणे हेच खेळाचे मर्म होय; त्या संपूर्ण सिद्धान्ताला कॅव्हानाने एका पायरीत बसविले. पुढे २०१४ च्या ‘शॉव्हेल नाइट’ने वेगळीच शक्कल लढविली: वाटेतले थांबे, जेथून मेल्यावर पुन्हा सुरुवात करता येते, ते खेळणाऱ्याने स्वतः फोडून त्यांतले जवाहीर घ्यावे आणि अधिक जोखीम पत्करावी. सवलत नाकारण्याचा मोबदला रोख.

आणि मग २०१८ च्या जानेवारीत ‘सेलेस्ट’ आला. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी तो मुळात २०१५ साली चार दिवसांत एक लहानसा नमुना म्हणून केला होता. पूर्ण रूपात तो मनाच्या घालमेलीने ग्रासलेल्या मॅडलिन नावाच्या मुलीच्या गिर्यारोहणाची कथा झाला. दिसावयास हा खेळ निर्दय आहे. आत मात्र रचनाकारांनी अशा दयेची तरतूद केली आहे की तिचा दाखला खेळणाऱ्याला कधीच मिळत नाही. कड्याच्या टोकावरून पाय सुटल्यानंतरही सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागापर्यंत उडीचे बटण मानले जाते. जमिनीवर टेकण्याच्या किंचित आधी दाबलेले बटण लक्षात ठेवून टेकताच अमलात आणले जाते. छताच्या कोपऱ्याला डोके जरासे लागले तर मॅडलिनला गुपचूप बाजूला सरकवून वाट मोकळी केली जाते. संशयाचा फायदा प्रत्येक वेळी आरोपीला. तरीही ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी एक मदतीचा पर्याय ठेवला आहे, ज्यात वेग निम्म्यापर्यंत कमी करता येतो किंवा मरण बंदच करता येते. काही कडव्या खेळाडूंनी त्यावर नाक मुरडले. त्यांच्या मते सवलतीने मिळविलेले शिखर हे शिखर नव्हे. आमच्या मुलुखातील मुलांनी पन्नास ठोक्यांच्या संथ टीव्हीवर, तीस जिवांच्या नकली कॅसेटीने जे आनंद लुटले ते पाहता या सोवळेपणाला मी फारसे महत्त्व देत नाही. ज्याचा हात कापतो, ज्याची दृष्टी अधू आहे, त्याला अर्ध्या वेगात तोच डोंगर चढू द्यावा. डोंगराची उंची त्याने कमी होत नाही.

तक्रारीची जागा नाही असे मात्र नव्हे. या खेळांचे आकर्षण निवाड्याच्या शुद्धतेवर उभे असल्यामुळे, तो निवाडा मलिन झाला की सर्व मौज तत्क्षणी आंबते. जुन्या नळीच्या टीव्हीवर बटण दाबताच चित्र हले. आजच्या सपाट पडद्यांतील पुष्कळसे पडदे चित्र सुशोभित करण्यात काही ठोके दवडतात, आणि ज्या उडीला दोन ठोक्यांची मुभा आहे तिथे हा उशीर प्राणघातक ठरतो. फोनच्या काचेवर तर बटणच नसते. अंगठा कडेवर आहे की सरकला हे स्पर्शाने कळत नाही, शिवाय अंगठ्याखाली नेमका तोच खड्डा झाकला जातो ज्यात पडावयाचे असते. अशा वेळी ‘मीच लवकर उडलो’ असे प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. याहून वाईट म्हणजे फुकट मिळणारे असंख्य मोबाइल खेळ, ज्यांत प्रत्येक मृत्यूनंतर जाहिरात येते किंवा आणखी एका जिवासाठी पैसे मागितले जातात: नाण्याची ती जुनी फट चाळीस वर्षांनी पुन्हा उघडली आहे, आणि या वेळी ती मुलाच्या हातात नसून बापाच्या बँक खात्यात आहे.

जाता जाता मनात आलेली एक गोष्ट. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीने २०२० साली ‘राजी’ हा आपल्या पुराणकथांवर आधारलेला खेळ जगापुढे आणला. त्यात चढणे-उतरणे पुष्कळ आहे, पण तो जुन्या वळणाचा नव्हे, आणि त्याची वास्तू राजस्थानी थाटाची आहे. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या प्रचंड गुहा किंवा अर्जुनी मोरगावकडील प्रतापगडाचा चढ ज्याने पायांनी अनुभवला असेल अशा एखाद्या गोंदियाच्या मुलाने चौकोनी ठिपक्यांत तसले जग रचावयास घेतले, तर काट्यांसाठी त्याला कल्पना लढवावी लागणार नाही. बाभळी आणि बोरी आहेतच.

ज्या वाचकाला पन्नाशीत या नादी लागावेसे वाटेल त्याने बटणे असलेला साधा रिमोट घ्यावा, टीव्हीच्या मांडणीत ‘गेम मोड’ असल्यास तो चालू करावा, आणि ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’च्या वाटेस जाऊ नये. ‘डेंजरस डेव्ह’ एका संध्याकाळी समजतो. ‘सेलेस्ट’ला कित्येक आठवडे लागतात, आणि त्यातील मदतीचा पर्याय वापरण्यात संकोच बाळगू नये. ‘व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही’ थोड्या तासांचा आहे; त्यातली ती गुडघाभर पायरी ऐच्छिक असून ती सोडून दिली तरी खेळ पूर्ण होतो.